सात महिने तांबूस केस: आता जरा मोकळेपणाने सांगते

सलूनमध्ये गेले तेव्हा माझं म्हणणं एकच होतं, अख्खं डोकं तांबूस हवं. रंग करणारीने साफ नकार दिला. "सगळंच एका शेडचं केलं तर टोप घातल्यासारखं दिसेल," म्हणाली. जवळजवळ एक तृतीयांश केस तिने काळेच ठेवले. तेव्हा मला वाटलं, काम वाचवतेय.

त्याआधी दोन दिवस कानामागे पॅच टेस्ट (रंगाची अ‍ॅलर्जी आहे का, ते बघायला) झाली आणि चौकशी झाली ती मेंदीची. काळ्या मेंदीत कधी कधी धातूचे क्षार असतात. त्यावर ब्लीच पडलं तर केस तापतात, तुटतातही. माझी मेंदी साधी, दोन वर्षांपूर्वीची, तरी तिने टोकाची बारीक बट कापून आधी तिच्यावर ब्लीच लावून पाहिलं.

काळ्या केसांचा रंग काढत गेलं की आधी लाल, मग केशरी, मग पिवळा असा तो उतरत जातो. राखाडी शेड हवी असेल तर या केशरीशी भांडावं लागतं. तांबूस शेडला तोच पाया लागतो, म्हणून ब्लीच लवकर थांबवता आलं. मग मुळांकडे 5.4, मधल्या लांबीला 6.4 आणि चेहऱ्याजवळच्या बटांना 8.34. टिंबाआधीचा आकडा म्हणजे रंग किती गडद की फिका, नंतरचा म्हणजे छटा: 4 तांबूस, 3 सोनेरी. (सगळ्या कंपन्यांचे आकडे असेच नसतात, तेव्हा नुसता नंबर लिहून नेऊ नका.) मुळांना तिने सगळ्यात शेवटी हात लावला, कारण टाळूच्या उबेने तिथे रंग लवकर चढतो. साडेचार तास गेले. मान अवघडली ती वेगळीच.

पहिल्या काही धुण्यांत पाणी गंजासारखं निघालं. उशीचा अभ्रा गेलाच. तिसऱ्या आठवड्यात पुढच्या बटा मधासारख्या झाल्या, मधला भाग मात्र अजून विटकरी. इथे ते काळे ठेवलेले केस उपयोगी पडले. रंग उतरत होता, पण विटलेला दिसत नव्हता. बघणाऱ्याला वाटे, मुद्दामच असं केलंय. सपाट एकाच शेडला ही सवलत मिळाली नसती. आज सात-आठ सेंटीमीटर केस वाढलेत, तरी मुळाशी रेघ नाही.

तिसऱ्या महिन्यातला घोळ माझाच. फार केशरी वाटतंय म्हणून निळा शॅम्पू लावला. निळा केशरीला मारतो, आणि दोन धुण्यांत पुढच्या बटा चिखलासारख्या झाल्या. "मॅडम, केशरीसाठीच तर एवढा खटाटोप केला ना आपण?" इतकंच ती म्हणाली आणि ग्लॉस, म्हणजे छटा परत आणणारा हलका रंग, लावायला घेतला.

हा ग्लॉस दर सहा आठवड्यांनी होतो. रंगात मिसळायचा 3 टक्के पेरॉक्साइडचा सौम्य डेव्हलपर, ब्लीच अजिबात नाही, अर्ध्या तासात सुटका. घरी आठवड्यातून दोनदाच केस धुते, कोमट पाण्याने, सल्फेट नसलेल्या शॅम्पूने. दहा दिवसांनी एकदा तांबूस मास्क. मास्कचा फरक खरंच दिसतो. सीरमबद्दल तसं म्हणवत नाही.

तक्रारी आहेतच. ब्लीच झालेली टोकं अजून कोरडी आहेत, दोनदा कापून घेतली. कानशिलाजवळचे पांढरे केस नुसत्या तांबूस शेडने भडक केशरी झाले होते. आता तिथे ती नैसर्गिक शेड मिसळते. ट्यूबलाइटखाली सगळं साधं तपकिरी दिसतं, ज्याने घरातच पाहिलं त्याला काही केलंय हे कळतही नाही. उन्हात गेलं की मात्र लोक वळून बघतात. आणि तेच ऊन रंगही उतरवतं, म्हणून डोक्याला स्कार्फ.

पुढची वेळ घेतली आहे. या खेपेला मागच्या बाजूला आणखी थोडे केस काळे सोड, असं मीच तिला सांगून ठेवलंय.