आखलेली रेघ की वर्गाची सरासरी?

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) दहा पॉइंटांच्या ग्रेडिंगमध्ये ‘ओ’ ही सर्वात वरची ग्रेड म्हणजे १० आणि ‘पी’, म्हणजे नुसतं पास, म्हणजे ४. पण किती मार्कांना कुठलं अक्षर द्यायचं, इथे वाटा फुटतात.

निरपेक्ष पद्धतीत रेघ आधीच आखलेली असते. समजा पासिंग ४०. फर्स्ट इयरच्या पेपरात उतारावरून घरंगळणाऱ्या भरीव गोळ्याचं गणित आलं. निम्म्या वर्गाने फिरण्याची ऊर्जा धरलीच नाही, त्यामुळे वेग सुमारे १८ टक्के जास्त आला. मार्क गेले, विषय संपला. पेपर काढणाऱ्याचा हात जड होता, हे कोणी विचारत नाही.

सापेक्ष पद्धतीत ते विचारलं जातं, कारण ग्रेड वर्गाच्या सरासरीवरून ठरते. सरासरी ३५ वर आली, तर ४८ वालाही वरच्या ग्रेडमध्ये बसतो. दोनशेच्या वर्गात हे मला जास्त न्याय्य वाटतं. पंधरा जणांच्या वर्गात मात्र सरासरीभोवती मार्क कसे पसरलेत, त्या वक्राला काही अर्थ नाही, शिवाय मित्र पुढे गेला तर आपली ग्रेड घसरेल म्हणून त्याला नोट्स देताना हात आखडतो.

प्रॅक्टिकलला निरपेक्षच बरी. बार पेंड्युलमवर (झुलत्या दांड्याच्या प्रयोगात) ‘जी’, म्हणजे गुरुत्वाचं त्वरण, ९.८ च्या आसपास आला की नाही, याचा शेजारच्या टेबलाशी काय संबंध? (जर्नलमध्ये रीडिंग ‘जुळवतात’, ती गोष्ट वेगळी.)