फॉरेक्स डेस्क की पेमेंट कंपनी? सांगलीतून परदेशी व्यवहारांच्या नोकरीकडे जाताना

"ताई, बँकेच्या फॉरेक्स डेस्कची ऑफर आलीय आणि पेमेंट कंपनीत इंटरनॅशनल बीडीची पण. कुठली घेऊ?" असा फोन मला वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो. कधी विश्रामबागेतून, कधी विट्याहून. एकदा तर तासगावच्या बेदाणा सौद्यातून आला होता, मागे बोली चालू होती. मी दोन्हीकडे काम केलंय, आधी बँकेच्या फॉरेक्स म्हणजे परकीय चलनाच्या कामात, आणि मग व्यापाऱ्यांना ऑनलाइन पैसे मिळवून देणाऱ्या पेमेंट कंपनीत. फोनवर हे पाच मिनिटांत सांगून होत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

या क्षेत्रातलं बीडी (बिझनेस डेव्हलपमेंट) म्हणजे नेमकं काय, ते आधी सांगते. दुसऱ्या देशातली बँक, वॉलेट किंवा व्यापारी शोधायचा, दर ठरवायचा, करार करायचा आणि त्या करारावरून पैसे खरोखर फिरायला लागेपर्यंत पाठपुरावा करायचा. बाहेरून फक्त करार आणि विमानप्रवास दिसतो. वेळ सगळा पाठपुराव्यात जातो.

आपल्याकडे या जागा आताच का वाढल्या? २०१६ मध्ये यूपीआय आलं, आणि जानेवारी २०२० पासून यूपीआय व रूपे डेबिट कार्डावर व्यापाऱ्याकडून एमडीआर, म्हणजे व्यवहारामागचं शुल्क, घेणं बंद झालं. ग्राहकाच्या आणि दुकानदाराच्या दृष्टीने ते उत्तमच झालं, पण पेमेंट कंपनीची देशातली कमाई आटली. परदेशातून येणाऱ्या पैशावर मात्र अजून शुल्क मिळतं आणि चलनाच्या दरातही थोडं सुटतं. ३१ ऑक्टोबर २०२३ ला रिझर्व्ह बँकेने देशाबाहेरच्या पेमेंटसाठी अ‍ॅग्रिगेटर (व्यापाऱ्यांच्या वतीने पैसे स्वीकारणाऱ्या) कंपन्यांचे वेगळे नियम काढले, वस्तू वा सेवेच्या एका नगामागे २५ लाख रुपयांची मर्यादा घातली, आणि या धंद्याला रीतसर चौकट मिळाली. परवानगी घेतलेल्या कंपन्यांना परदेशात बोलणी करणारी माणसं लागू लागली.

द्राक्षाचा कंटेनर आणि मिरजेची सतार

दोन्ही नोकऱ्यांतला फरक आपल्या जिल्ह्यातल्या दोन मालांवरून सर्वांत नीट कळतो.

तासगावचा एक निर्यातदार फेब्रुवारीत द्राक्षांचा कंटेनर न्हावाशेवाहून रॉटरडॅमला पाठवतो. खरेदीदार ओळखीचा, रक्कम मोठी, पैसे माल पोचल्यावर. ते येतात स्विफ्ट या बँकांच्या जागतिक जाळ्यावरच्या संदेशावर, मधल्या एखाद्या करस्पॉन्डंट बँकेतून. बँकेतला फॉरेक्स अधिकारी शिपिंग बिल, इन्व्हॉइस आणि बिल ऑफ लेडिंग तपासतो, आलेली रक्कम ईडीपीएमएस या रिझर्व्ह बँकेच्या निर्यात-नोंद प्रणालीत त्या शिपिंग बिलाशी जुळवतो, पैसे कशाचे ते सांगणारा पर्पज कोड टाकतो. मग निर्यातदाराचा फोन येतो: "साहेब, वीस डॉलर कमी का आले?" पाठवणाऱ्याने शुल्क दोघांत वाटून घेण्याचा पर्याय निवडला, म्हणून मधल्या बँकेने आपला वाटा कापून घेतला. हे मराठीत, रागावलेल्या माणसाला, त्याचा विश्वास न घालवता समजावून सांगणं हे माझं बँकेतलं पहिलं खरं शिक्षण होतं.

आता मिरज. २०२४ मध्ये तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. समजा एका कारागिराने आपली वेबसाइट काढली आणि जर्मनीतल्या एका विद्यार्थ्याने कार्डाने पैसे भरून सतार मागवली. इथे पेमेंट कंपनी येते. विद्यार्थ्याला त्याच्या चलनात किंमत दिसते, कारागिराच्या खात्यात काही दिवसांत रुपये जमा होतात, आणि परदेशातून रक्कम आल्याचा दाखला त्याला डॅशबोर्डवरच मिळतो. बँकेच्या पायऱ्या झिजवाव्या लागत नाहीत. पण वाटेत सतारीच्या भोपळ्याला तडा गेला, तर तो विद्यार्थी आपल्या बँकेकडे तक्रार करून पैसे परत मागू शकतो. यालाच चार्जबॅक म्हणतात. बऱ्याच प्रकारांत त्याची मुदत १२० दिवसांपर्यंत जाते. तोवर कारागिराने ते पैसे लाकडात आणि तारांत घातलेले असतात. बीडीच्या माणसाने व्यापारी जोडताना हे आधीच सांगितलेलं नसेल, तर तो व्यापारी कायमचा जातो, आणि मिरजेसारख्या ठिकाणी त्याचे चार शेजारीही जातात.

म्हणजे बँकेत मोठी रक्कम, थोडे ग्राहक आणि भरपूर कागद. पेमेंट कंपनीत छोटी रक्कम, खूप ग्राहक आणि कागदाच्या जागी सॉफ्टवेअर. बँकेतली चूक महिन्याभराने तपासणीत सापडते, कंपनीतली चूक त्याच रात्री हजार व्यवहारांत पसरलेली असते.

कुठे काय शिकायला मिळतं

बँकेत दोन वर्षं बसलं की पैसा कुठे आणि का अडकतो, हे हातात बसतं. नोस्ट्रो खातं (आपल्या बँकेचं परदेशी बँकेतलं खातं), फेमा १९९९ (परकीय चलनाचा कायदा), केवायसी, बंदी घातलेल्या नावांची चाळणी हे शब्द तिथे रोज प्रत्यक्ष भेटतात. आयआयबीएफ या बँकिंग संस्थेची परकीय चलन व्यवहारांची परीक्षा नोकरी सांभाळून देता येते. पण विक्री शिकायला मिळत नाही. ग्राहक आपल्याकडे येतो, आपण त्याच्याकडे जात नाही. नकार पचवायची सवयच लागत नाही, आणि बीडीमध्ये दहातले आठ दिवस नकाराचे असतात.

पेमेंट कंपनीत नेमकं उलटं. पहिल्याच महिन्यात तुम्ही सिंगापूरच्या किंवा लंडनच्या कुणाशी व्हिडिओ कॉलवर बोलत असता. दराचं गणित, एपीआय जोडणी (दोन कंपन्यांची सॉफ्टवेअर एकमेकांना जोडणं), करारातली कलमं पटापट शिकायला मिळतात. उणीव अशी की अनेक मुलं-मुली चकचकीत सादरीकरण करायला शिकतात आणि समोरच्याने "सेटलमेंट कुठल्या बँकेतून होणार? पैसे अडकले तर जबाबदार कोण?" असं विचारलं की गप्प होतात. माझंही झालं असतं, पण बँकेने वाचवलं. एका आखाती बँकेशी बोलताना आमच्या टीममध्ये फक्त मला त्यांच्या अनुपालन अधिकाऱ्याचा (नियम पाळले जातात का हे पाहणाऱ्याचा) प्रश्न कळला होता. त्या दिवसानंतर मी प्रत्येक बैठकीत असायचे.

इंग्रजीबद्दल थोडक्यात. सांगलीतल्या मराठी माध्यमाच्या मुलांना याची भीती सर्वांत जास्त असते, आणि ती अनाठायी आहे. समोरचा थाई किंवा अरब माणूसही इंग्रजी शिकूनच आलेला असतो. साधी, छोटी वाक्यं त्यालाही बरी वाटतात.

पगार आणि धोका

बँकेचा पगार ठरलेला, हळूहळू वाढणारा. कंपनीत निश्चित पगार थोडा आणि इन्सेंटिव्ह मोठा, असा प्रकार असतो. ऑफर लेटरवरचा एकूण आकडा बघून हुरळू नका. निश्चित भाग किती, इन्सेंटिव्ह करार झाल्यावर मिळतो की व्यवहार सुरू झाल्यावर, हे लेखी विचारा. करार आणि व्यवहार यांत किती काळ जातो याचं मोठं उदाहरण आहे. यूपीआय आणि सिंगापूरची तशीच व्यवस्था पेनाऊ जोडायची घोषणा सप्टेंबर २०२१ मध्ये झाली, ते जुलै २०२२ पर्यंत करायचं ठरलं होतं, आणि सुरू झालं २१ फेब्रुवारी २०२३ ला. दोन्ही देशांच्या मध्यवर्ती बँका पाठीशी असताना हा वेळ लागला. खासगी कंपनीच्या बोलणीला कमी लागेल असं गृहीत धरू नका.

परवान्याचा धोकाही ध्यानात घ्या. व्यवहारांची माहिती भारतातच साठवण्याच्या नियमावरून जुलै २०२१ मध्ये मास्टरकार्डला इथे नवे ग्राहक घेण्यास रिझर्व्ह बँकेने मनाई केली, ती जून २०२२ मध्ये उठली. डिसेंबर २०२२ मध्ये काही मोठ्या पेमेंट कंपन्यांना नवे व्यापारी जोडणं थांबवावं लागलं, ते सुरू व्हायला वर्ष गेलं. त्या वर्षात तिथल्या बीडीच्या माणसांनी काय विकायचं? म्हणून मुलाखतीत कंपनीकडे कुठली परवानगी आहे आणि कुठली अजून अर्जातच आहे, हा प्रश्न संकोच न करता विचारा. चांगली कंपनी या प्रश्नाने खूश होते.

घरचे बँकच म्हणणार, हे मला माहीत आहे. १९१६ ची सांगली बँक २००७ मध्ये दुसऱ्या बँकेत विलीन झाली, तेव्हा माझे आजोबा जुनं पासबुक हातात घेऊन बराच वेळ बसले होते. बँकेवरची ही माया खरी आहे, तिला हसू नका. पण तुमचा निर्णय तिच्यावर सोडूही नका.

तिसरी वाट आणि दुबई

मास्टरकार्डसारखं कार्ड नेटवर्क, किंवा यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयची परदेशातलं काम पाहणारी उपकंपनी एनआयपीएल, जी एप्रिल २०२० मध्ये स्थापन झाली, इथलं काम वेगळ्याच उंचीवरचं. नामिबिया आणि पेरू यांनी २०२४ मध्ये यूपीआयसारखी व्यवस्था स्वतःच्या देशात उभारण्यासाठी त्यांच्याशी करार केले. तिथे बोलणी देशाच्या मध्यवर्ती बँकेशी होतात. काम सुंदर आहे, पण तिथे पहिली नोकरी मिळेल या आशेवर दोन वर्षं घरी बसू नका. आधी अनुभव घ्या.

थेट दुबईला जाण्याबद्दलही विचारणा होते. आपल्याकडे गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यात खानापूर-आटपाडीची माणसं देशभर गेली, ती कुणाच्या तरी दुकानात काम शिकून, मग स्वतःचं दुकान टाकायला. मला तोच क्रम इथेही योग्य वाटतो. हातात काम नसताना व्हिजिट व्हिसावर जाऊन नोकरी शोधणाऱ्यांचे हाल मी पाहिलेत. इथे तीन-चार वर्षं काढून, एखाद्या देशाचा व्यवहार स्वतः उभा करून गेलात, तर तिथली कंपनीच तुमचा व्हिसा करते.

मग कोणी काय घ्यावं

बी.कॉम. किंवा एम.बी.ए. असाल आणि दोन्ही ऑफर हातात असतील, तर माझं मत बँकेच्या बाजूने आहे. मात्र ती जागा खरोखर फॉरेक्सचीच हवी. "आधी शाखेत बसा, मग बघू" असं असेल तर कंपनी घ्या, कारण ते 'मग' पुष्कळदा येतच नाही. आणि बँकेत गेलात तरी दोन-अडीच वर्षांनी बाहेर पडायची तयारी पहिल्या दिवसापासून ठेवा. पाचव्या वर्षी पाय निघत नाही.

वालचंदसारख्या कॉलेजातून इंजिनिअरिंग करून आला असाल तर बँकेचा वळसा घेऊ नका. पेमेंट कंपनीत व्यापाऱ्यांची तांत्रिक जोडणी करणाऱ्या टीममध्ये शिरा आणि तिथून वर्षभरात बीडीकडे या. सिस्टीम आतून माहीत असलेला विक्रेता फार थोड्या ठिकाणी असतो.

घरी लहान मूल किंवा आजारी आई-वडील असतील, तर कुठला देश सांभाळायचा हे वेळेवरून ठरवा. अमेरिकेचे कॉल रात्री नऊनंतर सुरू होतात. आखात आणि सिंगापूर आपल्या दिवसात बसतात. मी मुलगी तीन वर्षांची असताना अमेरिकेची जबाबदारी सोडून आखाताची मागून घेतली. पद तेच राहिलं, आणि रात्रीचं जेवण घरच्यांबरोबर होऊ लागलं.

ऑफरला उत्तर द्यायला आठवडा मिळाला असेल तर एक करा. तासगावात किंवा मार्केट यार्डात ओळखीचा निर्यातदार गाठा, त्याच्याकडचं गेल्या हंगामातलं एक पेमेंट पहिल्या इन्व्हॉइसपासून खात्यात रुपये जमा होईपर्यंत कागदावर मांडा: कुठे किती दिवस गेले, कुठे किती कापलं गेलं. मग मिरजेत जाऊन तेच एखाद्या वाद्य कारागिराकडे करा. दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर ज्यातले प्रश्न सोडवावेसे वाटतील, त्या ऑफरला होकार कळवा.