४८० म्हणजे ५०० नव्हे! (जुनी हार्ड डिस्क एसएसडीवर क्लोन केली, त्याला आठ महिने झाले)

एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) चांगली आहे, हे आधीच सांगून टाकतो. वेगाचं कौतुक सगळे करतात, त्यात माझी भर नको. माझं भांडण वीस जीबीशी आहे.

आमचा डीटीपीचा धंदा. लग्नपत्रिका, बिलबुकं, फ्लेक्स. असेंबल केलेला जुना पीसी आणि त्यात ५०० जीबीची हार्ड डिस्क. तिच्यावर मराठी टायपिंगचं श्रीलिपी, पानं जुळवायचं पेजमेकर ७ आणि पंधरा वर्षांत जमलेले फॉण्ट. सीड्या कधीच गहाळ झाल्यात. त्यामुळे 'विंडोज नव्याने टाकून घ्या' म्हणणाऱ्यांना लांबूनच नमस्कार. मला आहे तसं सगळं उचलून दुसऱ्या डिस्कवर हवं होतं.

ऐन लग्नसराईत मशीन गोठायला लागलं. सेव्ह दाबलं की अर्धा मिनिट शांतता, आतून टक टक. भाच्याने डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो टाकून दिलं. त्यात पिवळा रंग आणि 'कॉशन'. सी५ नावाच्या ओळीत १८ आकडा. म्हटलं, अठराच ना? तर भाचा म्हणतो, "मामा, ते हेक्साडेसिमल आहे, दहाऐवजी सोळाच्या गठ्ठ्यांनी मोजतात. चोवीस झाले." सी५ म्हणजे डिस्कला नीट वाचता न आलेले, अजून निकाल न लागलेले सेक्टर, म्हणजे तिच्यावरचे छोटे कप्पे.

दुकानात ५०० ची एसएसडी होती आणि ४८० ची. फरक साडेतीनशे रुपये. "दोन्ही सारखंच असतं साहेब," इति दुकानदार. मीही मनात हिशोब केला, माझा डेटा सगळा मिळून ३६५ जीबी, मग वीस जीबी कमी असले तर बिघडतं कुठे? घेतली ४८० ची.

बिघडलं ते असं. क्लोन करायचा प्रोग्राम क्लोनझिला लावला, तर तो म्हणाला नवी डिस्क जुनीपेक्षा लहान आहे, जमणार नाही. विंडोजच्या मोजणीत जुनी ४६५ आणि नवी ४४७. डेटा किती आहे हा प्रश्नच नाही. जुन्या डिस्कवरची पार्टिशनं (सी, डी असे विभाग) शेवटच्या टोकापर्यंत आखलेली, आणि ते टोक नव्या डिस्कच्या बाहेर पडतं. दुकानात परत गेलो. "खोका उघडलाय, आता बदलून मिळणार नाही." वर पंधरा मिनिटं वाद. सारखंच असतं म्हणणारा माणूस आता मला ४८० आणि ५०० मधला फरक समजावत होता.

मग मी सगळ्यात मोठी चूक केली. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन डी ड्राइव्ह आकसवायला घेतला. आकसवायचं म्हणजे टोकाकडचा डेटा उचलून आत आणायचा. मरायला टेकलेल्या डिस्कला मी साडेतीनशे रुपयांसाठी सामान हलवायला लावलं! अर्ध्या तासाने सी५ मध्ये ३सी. म्हणजे साठ. तिथे हात थांबले.

पुढचं भाच्याच्या सांगण्यावरून. घरातली एक टीबीची एक्स्टर्नल डिस्क रिकामी केली, पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं आणि डीडीरेस्क्यूने जुनी डिस्क जशीच्या तशी तिच्यावर उतरवली. हा प्रोग्राम कोणाच्या हाती लागला नसेल तर लावून घ्या. चांगला भाग आधी घेतो, अडेल तिथे अडून न बसता पुढे जातो, काय राहिलं ते एका मॅप फाइलमध्ये लिहून ठेवतो आणि मग मागे येऊन उरलेल्याशी झुंजतो. मध्येच लाइट गेली तरी मॅप फाइल असली की तिथून पुढे चालू. मात्र ती फाइल पेन ड्राइव्हवर किंवा तिसऱ्याच डिस्कवर ठेवा. पहिला जवळजवळ सगळा डेटा चार तासांत आला, शेवटच्या काही केबींनी रात्र खाल्ली. अखेर ३२ केबी गेले ते गेलेच.

ते कुठे गेले हे दोन महिन्यांनी कळलं. एका जुन्या पत्रिकेच्या टिफ फाइलमध्ये (चित्राच्या) वधूपित्याच्या नावावरून केसाएवढी पांढरी रेघ. न वाचलेल्या जागी डीडीरेस्क्यू काहीच लिहीत नाही, तिथे आधीपासूनची शून्यंच राहिली, आणि सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शायांच्या हिशोबात) शून्य म्हणजे शाई नाही. फाइल आरजीबी (स्क्रीनच्या रंगांची) असती तर रेघ काळी आली असती. मग शुभकार्यात काय उत्तर दिलं असतं?

कॉपी हातात आल्यावर आकसवण्याचं काम तिच्यावर, लिनक्सवरच्या जीपार्टेड या पार्टिशन लहानमोठी करायच्या प्रोग्रामने, निर्धास्तपणे. मग क्लोनझिलाला 'आकार तपासू नकोस' हा पर्याय देऊन एसएसडीवर. जुनी डिस्क काढून मशीन चालू केलं. तीन मिनिटांऐवजी पंचवीस सेकंद. श्रीलिपीने चकार शब्द काढला नाही. पेजमेकरमध्ये अर्धवट राहिलेली पत्रिका समोर. एक्स्टर्नल डिस्क परत जोडली तेव्हा विंडोजने ती 'ऑफलाइन' दाखवली आणि पोटात गोळा आला. पण दोघींवर एकच सिग्नेचर (डिस्कचा ओळख क्रमांक) आल्यामुळे तसं होतं. उजवी क्लिक करून ऑनलाइन केली की तिला नवी मिळते.

माझा मदरबोर्ड साटा २ चा (डिस्क जोडायची जुनी, हळू जोडणी), त्यामुळे खोक्यावरच्या सेकंदाला ५५० एमबीऐवजी २७० च मिळतात. त्याचं मला काही वाटत नाही. वीस जीबींबद्दल मात्र मध्यंतरी मत थोडं बदललं. आत चिप बहुधा तेवढ्याच असतात, ४८० वाल्यात राखीव जागा जास्त ठेवतात, झिजलेल्या सेलच्या बदली. आठ महिन्यांनी आयुष्य ९९ टक्के दाखवतंय. म्हणजे कंपनीने खाल्ले नाहीत, बाजूला ठेवलेत. ठीक आहे.

पण डी ड्राइव्हची पट्टी रोज सकाळी लाल दिसते, त्याचं काय? गेल्या महिन्यात वैतागून २०१९ चे 'भावी नगरसेवक' वाढदिवस फ्लेक्स एकगठ्ठा उडवले, वीस जीबी बरोब्बर मोकळे झाले. तिसऱ्या दिवशी फोन. "दादा, आपला तो जुना फ्लेक्स आहे ना? तोच लावायचाय, फक्त फोटो बदला."

एक्स्टर्नल डिस्क अजून पुसली नव्हती म्हणून वाचलो. आता तीही पुसता येत नाही. साडेतीनशे रुपयांत एक टीबी अडकून पडलाय.