३ नंबरचं हँडल, ११ नंबरचं ब्लेड: आठ महिन्यांच्या कातरकामानंतर

जुलैमध्ये कला महाविद्यालयात फाउंडेशनला प्रवेश घेतला तेव्हा सामानाच्या यादीत फक्त ‘पेपर कटर’ एवढंच लिहिलेलं होतं. पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातून तीस रुपयांचा प्लॅस्टिकचा कटर आणला आणि त्रिमित संकल्पाचं पहिलं सबमिशन त्यावरच केलं. पातं खोबणीत डुगडुगायचं, त्यामुळे पट्टी कितीही घट्ट धरली तरी काप तिरका जायचा. सरांनी माझा कागद खिडकीच्या उजेडात धरला, कडेला सुटलेले तुसे दाखवले आणि म्हणाले, “सर्जिकलच्या दुकानात जा. ३ नंबरचं हँडल घे आणि ११ नंबरची ब्लेडं.” तेव्हापासून आज मार्चपर्यंत रोज तीच शस्त्रक्रियेची सुरी हातात आहे.

घेताना नंबर नीट सांगून घ्या. ३ नंबरच्या हँडलला १०, ११, १५ ही ब्लेडं बसतात. २० च्या पुढची मोठी ब्लेडं ४ नंबरच्या हँडलची. माझ्या मैत्रिणीला दुकानदाराने ४ चं हँडल आणि ११ ची ब्लेडं दिली, ती एकमेकांत बसेचनात. १० आणि १५ ची धार पोटाशी गोल असते. कागदाच्या कोपऱ्यात शिरायला टोक लागतं, आणि ते ११ लाच आहे: सरळ धार, निमुळतं टोक. मला स्टीलचं हँडल ऐंशी रुपयांना आणि दहा ब्लेडं पन्नासला मिळाली.

हँडल उत्तम आहे. चपटं असल्यामुळे टेबलावरून गडगडत नाही, पेनासारखं धरता येतं आणि आठ महिन्यांत त्याला काहीही झालेलं नाही. मात्र तासाभराने तर्जनीवर वळ उठतो. मी पकडीच्या जागी कापडी चिकटपट्टीचे तीन वेढे दिले, तेव्हापासून त्रास थांबला. ब्लेडं कार्बन स्टीलची, म्हणून गंजतात. ऑगस्टमध्ये हँडलला लावून ठेवलेलं एक ब्लेड चार दिवसांत तांबूस झालं आणि त्याचा डाग पांढऱ्या कार्ट्रिजवर (चित्रकलेच्या कागदावर) उतरला. पावसाळ्यात काम झालं की ब्लेड काढून ठेवायचं, पाकीट फोडायचं ते लागेल तेव्हाच.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगते. पहिले तीन महिने मी ब्लेड बदलायला कचरत होते. एकच ब्लेड आठवडाभर पुरवायचं, बोथट झालं की जोर वाढवायचा. ऑक्टोबरमध्ये माउंटबोर्ड (चित्र बसवायचा जाड पुठ्ठा) कापताना असाच जोर दिला, स्टीलची पट्टी सरकली आणि डाव्या तर्जनीला दोन टाके पडले. धारदार ब्लेडाने हात कापतो असं आपण धरून चालतो, पण मला कापलं ते बोथट ब्लेडाने, कारण जोर द्यावा लागला तो त्याच्यामुळेच. आता कान देऊन काम करते. नवं ब्लेड १५० जीएसएमच्या (जीएसएम म्हणजे चौरस मीटरमागे कागदाचं ग्रॅममधलं वजन) कागदातून जाताना जवळजवळ आवाज करत नाही. बारीक ‘खर्र’ ऐकू आलं की टोक गेलं समजायचं. माझ्या हाताला नाजूक जाळीच्या कामात हे साधारण दीड तासाने होतं. माउंटबोर्डला एकच जोरदार काप कधीच द्यायचा नाही. चार-पाच हलके काप, त्याच रेषेत. तिथे ब्लेड आडवं पिळलं तर टोक मोडून उडतं, म्हणून जाड बोर्डाला चष्मा घालूनच बसा. ब्लेड बदलताना बोटं लावायची नाहीत. पक्कडीने ब्लेडाचा मागचा कोपरा किंचित उचलायचा, मग टोक स्वतःपासून लांब ठेवून पुढे सरकवायचं. वापरलेली ब्लेडं मी झाकणाला चीर पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात टाकते. कचरा उचलणाऱ्या मावशींच्या हाताला ती लागायला नकोत.

कटिंग मॅट ए३ घेतली. ए४ मध्ये पैसे वाचतात, पण कागद फिरवायला जागा उरत नाही, आणि कातरकामात फिरवायचा असतो तो कागद. हात आपल्याकडे ओढणारी एकच सरळ चाल करतो, वळण आलं की डाव्या हाताने कागद फिरतो. हे अंगवळणी पडायला मला दिवाळी उजाडली. माझी मॅट ऑक्टोबर हीटमध्ये गच्चीच्या पत्र्याखाली एक दुपार राहिली आणि कडेने वर उचलली गेली. वजन ठेवून पाहिलं, पूर्ण सपाट काही झाली नाही. उन्हापासून आणि गरम भांड्यापासून ती जपा. माउंटची तिरकी कड कापायला जुना बोर्ड खाली घ्या, तिरक्या कापाच्या खाचा मॅटमध्ये भरून येत नाहीत.

जाळी कापताना क्रम चुकला तर चांगलं ब्लेडही उपयोगाचं नाही. आधी आतली सगळ्यात बारीक भोकं, मग मोठी, बाहेरची रेघ शेवटी. कारण जितकं जास्त कापाल तितका कागद लुळा पडतो. कोपरा असेल तर टोक कोपऱ्यातच रोवायचं आणि बाहेर यायचं, मग कागद फिरवून पुन्हा त्याच बिंदूतून दुसरी बाजू. कोपऱ्याकडे कापत गेलं की रेघ केसभर पुढे जाते आणि ती उजेडात दिसते. तुकडा सुटला नाही तर ओढायचा नाही, उलट बाजूने टोक लावायचं. घडी घालायची असेल तर कागदाचा कल, म्हणजे तंतूंची दिशा, आधी बघा. दोन्ही दिशांनी हलकं वाकवून पाहिलं की कळतं, कमी विरोध होतो तेव्हा वाकाची रेघ ज्या दिशेला असते तोच कल. कलाच्या आडव्या घडीवर कागदाचे तंतू तुटून पांढरी भेग दिसते. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतला कापसाच्या चिंध्यांचा कागद दिसायला देखणा, पण त्याचे तंतू लांब असतात आणि ते टोकाला अडकतात. त्यासाठी ब्लेड अगदी कोरंच हवं.

आजोबा गणपतीचं मखर घोटीव कागदाचं करायचे. त्यांच्याकडे ब्लेड नव्हतं. ताव चार पदरी दुमडायचा, शिंप्याच्या कात्रीने नक्षी कापायची, खळ लावून कामट्यांवर डकवायची. मथुरेची सांझी, म्हणजे तिथली कागदात कापलेली नक्षी, तीसुद्धा बारीक कात्रीनेच कापतात. मी यंदा आत्याकडे मखर केलं तेव्हा कमानींची झालर आजोबांच्या पद्धतीने कात्रीनेच कापली, कारण घडीत आठ कमानी सारख्या उतरतात आणि ब्लेडाने तेवढ्या सारख्या मला अजूनही येत नाहीत. मागची जाळी मात्र ब्लेडाची. २०१८ मध्ये थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आल्यापासून आत्याकडे मखर पुठ्ठ्याचंच असतं, त्यामुळे कापायला काम भरपूर.

मोडत जाणाऱ्या पात्याच्या कटरला मी पूर्ण सोडलेलं नाही. १९५६ मध्ये ओसाकाच्या योशिओ ओकादा यांनी तो काढला. बोथट टोक मोडायचं, पुढची धार तयार. बॉक्स बोर्ड आणि मोठे ताव फाडायला तो लागतोच, फक्त धातूच्या खोबणीचा घ्या. बारीक कामाला अजिबात नको.

सध्या शनिवार पेठेतल्या एका वाड्याच्या दर्शनी बाजूची कागदी जाळी करतेय, काळ्या कार्डवर. बावीस खिडक्यांपैकी सतरा झाल्या. परवा सरांनी ती तशीच खिडकीच्या उजेडात धरली, बराच वेळ पाहिली आणि तिसऱ्या खिडकीचा खालचा कोपरा तेवढा पुन्हा कापायला सांगितला.