कुत्ब, सिबाई, सद्र, शरियती: आठ महिन्यांच्या वापरानंतर

इस्लाम आणि समाजवाद या विषयाला एखादं जाडजूड पुस्तक पुरेल, अशा समजुतीनं सुरुवात करणार असाल तर थोडं थांबा. निदान चार लेखक लागतात: इजिप्तचे सय्यद कुत्ब (1949), सीरियाचे मुस्तफा अल-सिबाई (1959), इराकच्या नजफचे मुहम्मद बाकिर अल-सद्र (1961) आणि इराणचे अली शरियती (व्याख्यानं, 1970 च्या आसपासची). इंग्रजी भाषांतरांतून, आठवड्याला वीस-पंचवीस पानं या वेगानं अभ्यासगटात आठ महिने वापरल्यावर एक गोष्ट पक्की झाली आहे. मुखपृष्ठावरच्या नावापेक्षा आवृत्तीचं साल आधी बघायचं.

पहिली अडचण मात्र आपल्याच भाषेत आहे. ‘अदाला’ म्हणजे न्याय. आपली अदालत त्याच धातूतली, पण अरबीत त्यात समतोलाचा, दोन्ही पारडी सारखी असण्याचा अर्थ आहे. कोर्टकचेरी डोक्यातून काढावी लागते. समाजवादाला अरबी शब्द ‘इश्तिराकिया’. आपला ‘शरीक’ त्याच घरातला, म्हणून त्यात वर्गलढ्याआधी भागीदारी ऐकू येते. आणि जकात! मराठी माणसाला नाका आठवतो. इथे ती संपत्तीवरची अडीच टक्के धार्मिक देणगी आहे, आणि किमान मर्यादेइतकी संपत्ती वर्षभर हाती राहिली तरच लागू (भारतात साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी हा हिशेब प्रचलित आहे). पावसावरच्या पिकाला दहावा हिस्सा, पाणी ओढून दिलेल्या पिकाला विसावा. हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, पहिल्या तिघांकडे पुन्हा पुन्हा लागतात.

कुत्ब यांचं ‘इस्लाममधील सामाजिक न्याय’ सगळ्यात जास्त वाचलं जातं, आणि सगळ्यात जास्त चुकीचंही. 1948 च्या अखेरीस ते अमेरिकेला निघाले त्याआधीच ते लिहून झालं होतं, त्यामुळे ‘अमेरिका पाहून संतापलेला माणूस’ हे त्यामागचं कारण सांगितलं जातं ते तारखेतच बसत नाही. मांडणी तीन खांबांवर उभी आहे: अंतःकरणाची मुक्ती, माणसांची पूर्ण समता, समाजाची परस्पर जबाबदारी. तिसऱ्या खांबावरून ते राज्यसंस्थेला श्रीमंतांची जादा संपत्ती घेण्याचा अधिकार देतात आणि त्यासाठी ‘मसालिह मुर्सला’, म्हणजे ग्रंथात थेट आदेश नसलेलं लोकहित, हे फिक्हचं, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्रीय कायद्याचं, जुनं हत्यार वापरतात. गोंधळ असा की हे पुस्तक त्यांनी पंधरा वर्षं बदलत ठेवलं. सुरुवातीच्या आवृत्त्यांत तिसरे खलिफा उस्मान यांच्या आप्तप्रेमावर कडक टीका आहे. पुढे ती सौम्य झाली. 1964 च्या शेवटच्या आवृत्तीत सार्वभौमत्व फक्त ईश्वराचं आणि आजचा समाज ‘जाहिली’, म्हणजे इस्लामपूर्व अज्ञानातला, असा सूर चढतो. हार्डी यांचं 1953 चं इंग्रजी भाषांतर सुरुवातीच्या आवृत्तीवरचं, तर शेपर्ड यांचं 1996 चं शेवटच्या आवृत्तीवर बेतलेलं, पण आधीच्या आवृत्त्यांतले फरक दाखवणारं. दोघं दोन वेगळी भाषांतरं घेऊन बसले की चर्चा हमखास भांडणावर जाते, कारण दोघांचं अवतरण खरं असतं. शेपर्ड महाग आणि वाचायला किचकट, तरी घ्यायचं तर तेच.

सिबाईंवर फार वेळ घालवू नये. हाताशी येतात ते बहुधा संकलनांमधले उतारे. जगणं, स्वातंत्र्य, ज्ञान, प्रतिष्ठा आणि मालकी हे त्यांचे पाच हक्क. पाणी, गवत आणि अग्नी या तीन गोष्टींत लोक भागीदार आहेत या हदीसवरून (प्रेषितांच्या वचनावरून) सार्वजनिक मालकीचं समर्थन. पुस्तक आलं तेव्हा सीरिया आणि इजिप्त एकाच राज्यात होते आणि इजिप्तचे अध्यक्ष नासर यांच्या राजवटीला ते सोयीचं पडलं. मुस्लिम ब्रदरहूड या इस्लामी राजकीय संघटनेच्या सीरियातल्या संस्थापकाचं, म्हणजे सिबाईंचं, पुस्तक ब्रदरहूडला तुरुंगात टाकणाऱ्यानं मिरवावं, यातली गंमत सुटू देऊ नका.

खरा कस लागतो तो सद्र यांच्या ‘इक्तिसादुना’त (आमचं अर्थशास्त्र). 1958 च्या क्रांतीनंतर इराकमध्ये कम्युनिस्ट पक्ष जोरात होता, म्हणून पहिल्या खंडाचा मोठा भाग ऐतिहासिक भौतिकवादाच्या, म्हणजे इतिहास आर्थिक संबंधांवरून घडतो या मार्क्सच्या सिद्धांताच्या, खंडनात जातो. भांडवलशाहीच्या वाट्याला त्या मानानं फार कमी पानं. बहुतेक वाचक इथेच दमतात. म्हणून दुसऱ्या खंडापासून, जमिनीच्या प्रकरणापासून सुरू करा. ओसाड जमीन लागवडीखाली आणणाऱ्याला सद्र मालकी देत नाहीत, अग्रहक्क देतात. त्यानं ती पुन्हा ओसाड पडू दिली की हक्क संपतो. ‘कसेल त्याची जमीन’ ऐकत वाढलेल्या वाचकाची इथे फसगत होते. आपल्याकडे कूळकायद्यानं 1 एप्रिल 1957 च्या कृषकदिनी कुळाला मालक केलं. सद्र यांच्याकडे कसणारा मालक होत नाही, जमीन इमामाची, म्हणजे राज्याची राहते. तसंच मजूर लावून जंगलातून तोडलेलं लाकूड पैसेवाल्याचं होत नाही, त्याला फक्त अवजारांचं भाडं मिळतं. पैशाला स्वतःची कमाई नाही, कमाई श्रमाची, हा धागा व्याजबंदीपर्यंत सलग नेला आहे.

टंचाई हे अर्थशास्त्राचं मूळ दुखणं आहे हेच त्यांना मान्य नाही. निसर्ग पुरेसा देतो, वाटपात माणूस जुलूम करतो आणि मिळालेल्याची कदर करत नाही, असं ते कुराणाच्या चौदाव्या सूरेवरून (अध्यायावरून) मांडतात. कमकुवत जागाही त्यांनी लपवलेली नाही: निरनिराळ्या फकीहांची (धर्मकायद्याच्या पंडितांची) मतं निवडून त्यांनी एक सलग सिद्धांत ‘शोधला’ आहे. निवड बदलली तर सिद्धांत तोच राहील का, हा प्रश्न समासात लिहून ठेवा. शिवाय ‘मिंतकतुल फराग’, म्हणजे शरियतेनं मुद्दाम मोकळा सोडलेला भाग, राज्यकर्त्यानं कायदे करून भरायचा. तो राज्यकर्ता चुकला तर काय, यावर पुस्तक फारसं बोलत नाही.

शरियतींकडून कायदे किंवा दर मागू नका, ते तिथे नाहीत. हाबील-काबील या आदमच्या दोन मुलांची, भावानं भावाला मारल्याची, गोष्ट ते खासगी मालकीच्या जन्माची गोष्ट म्हणून सांगतात, आणि सोनं, सत्ता, फसवणूक या तिकडीत धर्मगुरूलाही बसवतात. व्याख्यानं असल्यानं पुनरुक्ती भरपूर. एक सावधगिरी मात्र हवीच: मार्क्सवादावरची त्यांची टीका 1976 मध्ये सरकारधार्जिण्या ‘केहान’ दैनिकात त्यांच्या संमतीविना छापली गेली. ‘शरियती मार्क्सविरोधी’ हा शिक्का बहुतेकदा तेवढ्यावरच मारलेला असतो. पाश्चात्त्य प्रभावाचा प्रश्न समजायला त्यांच्या आधी इराणी लेखक जलाल आले-अहमद यांचं 1962 चं ‘गर्बजदगी’ (पश्चिमेची बाधा) वाचावं. गव्हाचा दाणा वरून शाबूत आणि आतून कीड लागून पोकळ, ही त्यातली उपमा शेतकऱ्याच्या घरात भाषांतराविना समजते. आले-अहमद आधी तुदेह या कम्युनिस्ट पक्षात होते, म्हणून यंत्र आणि बाजार यांच्याबद्दल ते बोलतात तेव्हा शब्द मार्क्सचेच वाटतात.

क्रम असा जमला: आले-अहमद, मग शेपर्डच्या भाषांतरातले कुत्ब (आर्थिक धोरणाचं प्रकरण दोनदा), सिबाईंचे उतारे एका बैठकीत, सद्र यांचा दुसरा खंड, मग पहिला, शेवटी शरियती. वहीत चार रकाने आखा: साल, समोरचा विरोधक, मालकी कोणाची, राज्याला अधिकार किती. ज्यांना पाचवा हवा असेल त्यांनी जमात-ए-इस्लामीचे संस्थापक मौदूदी घ्यावेत. 1903 मध्ये औरंगाबादेत जन्मलेले, आणि जमिनीच्या मालकीला सरसकट कमाल मर्यादा घालण्याच्या विरोधात त्यांनी लिहिलेलं सद्रशेजारी ठेवलं की तिसरा रकाना एकदम दोन टोकांना जातो.