नाइन्थ-थर्टीन्थ कॉर्ड्स (एकत्र वाजणारे सूर) शिकायला गिटारचा क्लास लावला होता, त्याबद्दल

बारा वर्षं गिटार वाजवतोय, ओपन कॉर्ड्स, बार कॉर्ड्स (एक बोट सगळ्या तारांवर आडवं टाकून वाजवायच्या) सगळं हाताखालचं, पण कागदावर ए थर्टीन दिसलं की साधं ए सेव्हन वाजवून पुढे जायचो. मागे एका ठिकाणी क्लास लावला तर त्यांनी कॉर्ड्सच्या चाळीस आकृत्यांची झेरॉक्स हातात दिली, पाठ करा म्हणे. दोन महिने घोकलं, एकही गाण्यात बसली नाही, फार वाईट वाटलं तेव्हा.

आता हा कोथरूडमधला, सरांच्या घरीच, आठ शनिवार, चार हजार, बॅचला सहा जण. पहिल्याच दिवशी सरांनी विचारलं, थर्टीन्थमध्ये सूर किती? सात. तारा किती? सहा. मग आधी गाळायचं काय ते शिका! लहानपणी पेटी शिकलो होतो म्हणून मला ते सरगममध्ये पटकन कळलं, म्हणजे शुद्ध गंधार आणि कोमल निषाद ठेवायचेच कारण डॉमिनंटचा, म्हणजे ए सेव्हनसारख्या कॉर्डचा, सगळा जीव त्या दोघांत, पंचम सगळ्यात आधी काढायचा, सोबत बेसवाला असेल तर सा पण सोडला तरी चालतो, आणि मग वरचा रिषभ घातला की नाइन्थ, वरचा धैवत घातला की थर्टीन्थ.

दुसऱ्या शनिवारचं सांगतो. ए थर्टीन : सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेवर पाचवा फ्रेट (घर), चौथीवर पाचवा, तिसरीवर सहावा, दुसरीवर सातवा, पाचवी तार तर्जनीच्या टोकाने बंद, पहिली वाजवायचीच नाही. तिथून डी नाइन. सा पाचव्या तारेवर त्याच फ्रेटला येतो, चौथी आणि तिसरी तार एकेक घर खाली, दुसरी दोन घरं खाली, बस. सर म्हणाले पन्नास वेळा करा आणि फक्त मधल्या तारा ऐका. गंधार घसरून पुढच्या कॉर्डचा निषाद होतो आणि निषाद घसरून गंधार, हे कानाला कळलं ना तेव्हा अंगावर काटा आला अक्षरशः.

ई सेव्हन शार्प नाइन पण केली, गिटारवादक जिमी हेंड्रिक्सची म्हणून लोक ओळखतात ती. खाली शुद्ध गंधार, वर कोमल गंधार, एकाच कॉर्डमध्ये! पेटीवर असं दाबलं असतं तर गुरुजींनी हात बाजूला केला असता, इथे मात्र काय भारी लागते.

एक तक्रार आहे. इलेव्हन्थ, म्हणजे वरचा मध्यम घातलेली कॉर्ड, शेवटच्या शनिवारी पंधरा मिनिटांत उरकली. गंधार आणि मध्यम एकत्र टोचतात म्हणून गंधार काढा, एवढंच सांगितलं, वाजवून घ्यायला वेळच उरला नाही. शिवाय रेकॉर्डिंग देत नाहीत, घरच्या लग्नामुळे माझा एक शनिवार बुडला तो बुडालाच.

बार कॉर्ड अजून स्वच्छ वाजत नसेल तर एवढ्यात जाऊ नका, डी नाइनला अनामिका एकाहून जास्त तारांवर आडवी टाकावी लागते, त्यातच अडकाल. बाकीच्यांनी डोळे झाकून जा. पुढच्या बॅचला इलेव्हन्थचा एक अख्खा शनिवार ठेवा असं मी सरांना सांगून आलोय, आणि तो ठेवला तर मी परत बसणार आहे.