२५६ जीबीच्या कार्डात ३२ जीबीची चिप: शॉर्ट फिल्म शूट करणाऱ्यांसाठी इशारा

एकट्याने किंवा दोघा-तिघांच्या टीमवर शॉर्ट फिल्म करणाऱ्याला टोपी घालायचे मार्ग पुष्कळ आहेत. पैसे बुडवणारा क्लायंट निदान समोर तरी असतो, त्याच्याशी भांडता येतं. बनावट मेमरी कार्ड मात्र अख्ख्या दिवसाचं शूट गिळतं आणि कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर शेवटपर्यंत सगळं आलबेल दाखवतं. कलाकारांच्या तारखा, लोकेशनची परवानगी, भाड्याने आणलेल्या लाइट्स, सगळं त्या नखाएवढ्या तुकड्यावर अवलंबून, आणि नेमकी त्याचीच खरेदी आदल्या रात्री, घाईत, जिथे स्वस्त मिळेल तिथून उरकली जाते.

कार्डात मुख्य भाग दोन. डेटा साठवणारी फ्लॅश चिप आणि तिचा कारभार बघणारा कंट्रोलर. बनावट कार्डात चिप असते ३२ जीबीची, कधी ८ जीबीची, आणि कंट्रोलरच्या फर्मवेअरमध्ये (त्याच्या आत भरलेल्या कायमच्या प्रोग्रॅममध्ये) फेरफार करून कुणी विचारलं तर २५६ सांगायचं असं भरवलेलं असतं. कॅमेरा, लॅपटॉप, फोन सगळे कंट्रोलर सांगेल तेच खरं मानतात. फॉरमॅट केलं तरी बिंग फुटत नाही, कारण साध्या फॉरमॅटमध्ये कार्डाच्या सुरुवातीच्या भागात फाइल सिस्टिमच्या नोंदी (कुठली फाइल कुठे आहे याची यादी) लिहिल्या जातात, आणि तेवढा भाग खरा असतो.

खरी जागा संपली की पुढे काय होतं हे फर्मवेअरवर ठरतं. काही कार्डं नंतरचा सगळा डेटा चक्क फेकून देतात; कॅमेऱ्याला ‘लिहिलं’ असं उत्तर जातं, प्रत्यक्षात कुठेच काही लिहिलेलं नसतं. काही कार्डं पुन्हा सुरुवातीकडे वळतात आणि सकाळच्या सीनवर दुपारचा सीन लिहितात. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण त्यात फाइल सिस्टिमच्या नोंदींवरही डेटा चढू शकतो. कॅमेरा चालू असेपर्यंत काही जाणवत नाही. बॅटरी बदलायला बंद करून पुन्हा चालू केला की ‘कार्ड फॉरमॅट करा’ असा मेसेज समोर.

पहिल्या प्रकारात मात्र नोंदी शाबूत राहतात. फाइलचं नाव, तारीख, आकार सगळं जागच्या जागी. अनुक्रमणिका पूर्ण छापलेली आणि आतली पानं कोरी. संध्याकाळी पॅकअपनंतर कार्ड लॅपटॉपला लावलं की सुरुवातीच्या क्लिप नीट चालतात. मग एक क्लिप येते जी उघडतच नाही. आकार २.९ जीबी दिसतो, प्लेअर मात्र फाइल खराब असल्याचं सांगतो. तिच्यानंतरची प्रत्येक क्लिप तशीच. या नंतरच्या क्लिप हेक्स एडिटरमध्ये (फाइलमधला कच्चा डेटा दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) उघडल्या तर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत शून्यंच शून्यं. आवाज नाही, चित्र नाही, खराब झालेला डेटासुद्धा नाही.

हे टेस्ट शूटमध्ये का सापडत नाही, ते साध्या हिशोबाने कळतं. १०० एमबीपीएसचं (सेकंदाला १०० मेगाबिट; आठ बिट म्हणजे एक बाइट) फोरके रेकॉर्डिंग म्हणजे सेकंदाला १२.५ एमबी, मिनिटाला ७५० एमबी, तासाला ४५ जीबी. खरी जागा ३२ जीबी असेल तर साधारण ४२ मिनिटांपर्यंत सगळं बिनबोभाट चालतं. नवीन कार्डावर पाच-दहा मिनिटं शूट करून, प्ले करून खात्री करणाऱ्याला हे कार्ड अस्सलच वाटणार. दहा मिनिटांच्या फिल्मसाठी एकास दहा या प्रमाणात शूट केलं तर १०० मिनिटं होतात, म्हणजे ७५ जीबी. त्यातलं निम्म्याहून जास्त फुटेज कधी अस्तित्वातच आलेलं नसतं, आणि ते बहुधा दुपारनंतरचं असतं. क्लायमॅक्स सकाळी शूट करणारे विरळाच.

ऑनलाइन पाच तारेही याच कारणाने मिळतात. गिऱ्हाईक पॅकेट फोडतो, कार्ड कॉम्प्युटरला लावतो, २३८ जीबी दिसतात, खूश होऊन लगेच रिव्ह्यू लिहितो. (२५६ जीबीच्या कार्डावर विंडोज साधारण २३८ दाखवतं आणि १२८ च्या कार्डावर ११९. तो फक्त मोजमापाच्या पद्धतीतला फरक आहे. त्यावरून दुकानदाराशी भांडायला जाऊ नये.) कार्ड अर्धंसुद्धा न भरलेल्या माणसाच्या रिव्ह्यूला काडीची किंमत नाही. रिव्ह्यू वाचायचेच तर एक-दोन तारेवाले वाचा, आणि त्यातही ‘फाइल उघडत नाही’, ‘कार्ड आपोआप रिकामं झालं’ असं लिहिलेले शोधा.

स्पीड टेस्ट घेऊन निर्धास्त होणारेही बरेच. क्रिस्टलडिस्कमार्कसारखं सॉफ्टवेअर नेहमीच्या सेटिंगला १ जीबीची फाइल लिहून वेग मोजतं. क्षमता तपासणं हे त्याचं कामच नाही. पूर्ण कार्ड भरून, ते सगळं परत वाचून पडताळणं, यावर शॉर्टकट नाही.

विंडोजवर त्यासाठी एच२टेस्टडब्ल्यू हे जुनं, फुकट सॉफ्टवेअर आहे. कार्ड पूर्ण रिकामं करून लावायचं, सगळी उपलब्ध जागा निवडायची आणि लिहून पडताळण्याचा पर्याय द्यायचा. ते १-१ जीबीच्या फाइल लिहीत जातं आणि मग वाचून ताळा करतं. मॅक आणि लिनक्सवर एफ३ वापरा: आधी एफ३राइट, मग एफ३रीड. दोन्हींच्या मध्ये कार्ड काढून पुन्हा लावा, म्हणजे कॉम्प्युटर स्वतःच्या मेमरीतून उत्तर देणार नाही. एफ३रीडच्या निकालात किती डेटा शाबूत आणि किती गेला हे वेगवेगळं येतं. गेलेल्यातही ‘ओव्हररिटन’चा आकडा मोठा असेल तर कार्ड जुन्यावर नवीन लिहिणारं आहे असं समजा. १२८ जीबीच्या कार्डाला लिहिण्याचा वेग ३० एमबी धरला तर लिहायला सव्वा तास आणि ९० एमबीने वाचायला पंचवीस मिनिटं लागतात. जुन्या यूएसबी २ रीडरवर हेच काम तीन तासांवर जातं. रात्री लावून झोपा, पण शूटच्या आदल्या रात्री नव्हे. कार्ड परत करायची मुदत हातात असताना.

वेळ नसेल तर विंडोजवर व्हॅलिड्राइव्ह आहे. ते कार्डभर पसरलेल्या ५७६ जागी लिहून-वाचून बघतं आणि काही मिनिटांत क्षमतेचं सोंग उघडं पाडतं. पूर्ण चाचणीची जागा ते घेत नाही, पण दुकानाच्या काउंटरवर बसून करण्यासारखं आहे.

क्षमता खरी आणि वेग खोटा, हाही प्रकार आहे. कार्डावर १७० एमबी लिहिलेलं असतं तो वाचण्याचा वेग. रेकॉर्डिंगला लागतो तो सलग लिहिण्याचा किमान वेग, आणि त्याची हमी छोट्या खुणांमध्ये असते: यू३ किंवा व्ही३० म्हणजे सेकंदाला ३० एमबी, व्ही६० म्हणजे ६०, व्ही९० म्हणजे ९०. ४०० एमबीपीएसच्या रेकॉर्डिंगला सेकंदाला ५० एमबी लागतात, म्हणजे व्ही३० तिथे कागदावरच अपुरं. बनावट कार्डावर खूण व्ही६० ची असते, पहिली काही जीबी वेग मिळतोही, मग तो एकदम दहा-बारावर येतो आणि कॅमेरा शॉटच्या मधोमध रेकॉर्डिंग थांबवतो. म्हणून एच२टेस्टडब्ल्यूमध्ये पास झालेलं कार्डही कॅमेऱ्यात सगळ्यात जड बिटरेटवर (सेकंदाला सर्वाधिक डेटा लिहिणाऱ्या सेटिंगवर) एकदा काठोकाठ भरून बघायचं. ४०० एमबीपीएसला २५६ जीबी साधारण ८५ मिनिटांत भरतात. कॅमेरा भिंतीकडे नको, खिडकीबाहेर हलत्या झाडाकडे लावा.

डोळ्यांनी ओळखता येईल अशी पक्की खूण एकच. यूएचएस हा कार्डाच्या वेगवान जोडणीचा प्रकार. यूएचएस-२ कार्डाच्या मागे पिनांच्या दोन रांगा असतात, यूएचएस-१ ला एक. पुढे रोमन दोन छापलंय आणि मागे एकच रांग, तर कार्ड बिनदिक्कत परत करा. छपाई, रंग, होलोग्रामवरून पारख करणाऱ्यांवर आमचा फारसा भरवसा नाही. हल्लीची छपाई अस्सलच्या तोंडात मारेल अशी असते.

लिनक्स लॅपटॉपला यूएसबी रीडर नव्हे तर अंगचाच कार्ड स्लॉट असेल, तर कार्डाच्या आत नोंदलेली ओळख वाचता येते: निर्मात्याचा कोड, अनुक्रमांक, उत्पादनाचा महिना आणि वर्ष. हार्डवेअर अभियंता अँड्र्यू ‘बनी’ हुआंग यांनी २०१० मध्ये संशयास्पद मायक्रोएसडी कार्डांचा माग काढताना हीच नोंद तपासली होती. सॅनडिस्कच्या कार्डात निर्मात्याचा कोड ०३ येतो, सॅमसंगच्या कार्डात हेक्समध्ये १बी. व्ही३०, व्ही६० या खुणा २०१६ मध्ये आल्या. कार्डावर ती खूण आणि आत तारीख २०१३ ची, तर वेगळा पुरावा शोधायची गरज नाही. उलट कोड बरोबर आला म्हणून कार्ड अस्सल ठरत नाही, कारण ही नोंदही खोटी भरता येते.

विक्रेत्याशी बोलणं सुरू झालं की उत्तरं ठरलेली. आधी ‘कॅमेऱ्यात फॉरमॅट करा’, मग ‘तुमचा रीडर खराब असेल’, मग ‘व्हिडिओ पाठवा’. प्रत्येक उत्तराला दोन दिवस, आणि तेवढ्यात परतीची मुदत सरते. मध्येच ‘अर्धे पैसे परत देतो, कार्ड ठेवून घ्या’ असा प्रस्ताव येतो. तो घेतला की तक्रार मिटल्याची नोंद होते आणि उरलेल्या पैशांवर पाणी सोडावं लागतं. पॅकेट फोडतानाचा न कापलेला व्हिडिओ, कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो आणि चाचणीच्या निकालाचा स्क्रीनशॉट एवढं पहिल्याच मेसेजमध्ये द्या, पूर्ण रक्कम मागा, आणि सगळं बोलणं खरेदीच्या त्याच प्लॅटफॉर्मवर ठेवा. विक्रेता फोनवर या म्हणाला तर जाऊ नका. आणि नामांकित साइट आहे म्हणून निर्धास्त राहू नये. मोठ्या गोदामांत वेगवेगळ्या विक्रेत्यांचा एकाच नावाचा माल मिसळलेला असू शकतो. पान खऱ्या विक्रेत्याचं, पॅकेट भलत्याचंच.

फुटेज गेल्यावर दुसरा गळ टाकलेला असतो: हमखास डेटा रिकव्हरी. चुकून डिलीट किंवा फॉरमॅट झालेल्या अस्सल कार्डातून फोटोरेकसारखी सॉफ्टवेअर फाइल काढून देतात, हे खरं. पण जे चिपवर कधी लिहिलंच गेलं नाही ते कुठल्याही प्रयोगशाळेला मिळणार नाही. आगाऊ पैसे मागून शंभर टक्के हमी देणाऱ्याला हे ठाऊक असतं. मिळालीच तर एखादी क्लिप मिळेल: खऱ्या जागेच्या सीमेवर पडलेली. फाइल उघडायला लागणारी सूची बहुतेक कॅमेरे रेकॉर्ड थांबवल्यावर शेवटी लिहितात, ती गेल्यामुळे क्लिप उघडत नाही. पण तिचा पुढचा भाग खरा असतो. त्याच कॅमेऱ्याची, त्याच सेटिंगची एक चांगली क्लिप नमुना म्हणून देऊन अनट्रंक या व्हिडिओ दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरने तेवढा भाग वाचवता येतो.

चेकसमवर (फाइलच्या मजकुरावरून काढलेल्या, दोन प्रती सारख्या आहेत का हे ताडून बघायच्या आकड्यावर) फार विसंबणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. कॉपी करताना चेकसम जुळला याचा अर्थ कार्डावर जे होतं तेच ड्राइव्हवर आलं, इतकाच. कार्डावर शून्यं असतील तर ती शून्यं अचूक कॉपी होतात, चेकसम हिरवा येतो आणि दोन ड्राइव्हवर कचऱ्याच्या दोन प्रती तयार होतात. म्हणून ऑफलोडनंतर (कार्डावरचं फुटेज ड्राइव्हवर उतरवल्यावर) प्रत्येक क्लिप उघडून सुरुवात, मध्य आणि शेवट बघितल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नये. सेटवर चहाच्या सुट्टीत कॅमेरा बंद करून, कार्ड काढून परत लावा आणि पहिली व शेवटची अशा दोन क्लिप चालवा. डेटा फेकणारं कार्ड शेवटच्या क्लिपमध्ये सापडतं, जुन्यावर लिहिणारं पहिल्या क्लिपमध्ये. नुसती शेवटची बघायची सवय असेल तर दुसरा प्रकार सुटतो.

२५६ च्या एका कार्डाऐवजी ६४ ची चार घेतली तर नुकसान वाटलं जातं, पण चारही एकाच पॅकमधली असतील तर त्याला अर्थ नाही. दोन स्लॉटच्या कॅमेऱ्यात दोन्ही कार्डांवर एकाच वेळी रेकॉर्ड करणाऱ्यांनी दोन वेगळ्या ठिकाणांहून, वेगळ्या वेळी घेतलेली कार्डं लावावीत. कार्डावर मार्करने क्रमांक आणि चाचणीची तारीख लिहा. चाचणी न झालेलं कार्ड बॅगेत येताच कामा नये. ऐन वेळी हाताला तेच लागतं.

बॅकअपच्या ड्राइव्हमध्येही हीच लबाडी चालते. खिशात मावणारी, कवडीमोलाची १६ टीबी ‘एसएसडी’ उघडली की आत यूएसबी रीडरमध्ये खोचलेलं मायक्रोएसडी कार्ड निघतं, वजन यावं म्हणून कधी लोखंडाची पट्टीही. तिचीही चाचणी वरच्यासारखीच, फक्त ती इतकी हळू चालते की पहिल्या तासाभरातच काय ते कळतं.

बनावट ठरलेल्या कार्डातली खरी ३२ जीबी एफ३फिक्सने वेगळी काढून वापरता येते म्हणतात, आणि येतेही. पण अशा कार्डात चिपचा दर्जाही बेभरवशाचा असतो, शिवाय पुढच्या फॉरमॅटला ते पुन्हा २५६ चं होऊन बसतं आणि कुणीतरी ते कॅमेऱ्यात घालतं. पैसे परत आले, विक्रेत्याने कार्ड परत मागितलं नाही, तर पक्कडीने दोन तुकडे करून टाका.